उसवताईंचं कार्ड

फोटो काढायची कल्पना जावईबापूंची. एरवी त्यांच्या कल्पना या घरात कुणी फारशा मनावर घेत नाही, आणि घरात सुखशांती नांदते त्यामागे हेही एक कारण आहे. पण त्या दिवशी सगळेच जरा हळवे झाले होते. सासूबाई दुपारी थोरल्या मुलाकडे निघायच्या होत्या. चार दिवसांसाठी नव्हे, कायमच्याच राहायला. तेव्हा जाण्याआधी सगळ्यांचा एक फोटो हवा, असं जावईबापू म्हणाले आणि कधी नव्हे ते सगळे हो म्हणाले.

कॅमेरा उघडून बघतात तो आत कार्ड नाही. म्हणजे कार्डाची मोठी खोळ, अडॅप्टर, होती, पण तिच्या पोटात बसणारं नखाएवढं कार्ड त्यांच्या चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलेलं राहिलं होतं. मंडळी ओळीत उभी. सासूबाईंनी पदर दोनदा सारखा केलेला. आता दुकानात जाऊन येतो म्हटलं असतं तर ओळ मोडली असती आणि जावईबापूंची ओळख 'ते फोटो काढणार होते ते' अशी जन्मभर राहिली असती. त्यांची नजर भिरभिरली आणि सामानाच्या पिशवीवर ठेवलेल्या पाटीवर येऊन थांबली.

पाटी म्हणजे सासूबाईंचा ई-रीडर, पुस्तकं वाचायचं यंत्र. कागदासारखा राखाडी पडदा, न चमकणारा, डोळ्यांना न टोचणारा. त्याच्या कडेला एक फट होती आणि फटीत अगदी हवं तसं, नखाएवढं कार्ड होतं. पुस्तकं पाटीच्या पोटात असणार, हे जादा जागेचं असणार, असा जावईबापूंनी अंदाज केला. अंदाज अर्धा बरोबर होता. अर्ध्या बरोबर अंदाजाने जेवढं नुकसान होतं तेवढं पूर्ण चुकलेल्याने कधी होत नाही.

कार्ड कॅमेऱ्यात गेलं. कॅमेऱ्याने सांगितलं, हे कार्ड वाचता येत नाही, साफ करून वापरू का? आता समोरच्याने वाचता येत नाही म्हणून सांगितलं की त्याची अडचण दूर करायची, ही चष्मेवाल्याची आयुष्यभराची सवय. जावईबापूंनी 'हो' दाबलं. छान फोटो निघाले. मग त्यांनी कार्ड हलकेच काढून, कुणाच्या वस्तूला हात लावला तर ती जागच्या जागी ठेवावी या शिकवणुकीला जागून, पुन्हा पाटीच्या फटीत सरकवून दिलं. फोटो नंतर सवडीने उतरवून घेऊ, असं म्हणून ते चहाला बसले. चहा त्यांना त्या दिवशी फार गोड लागला.

सगळ्या फोटोंत एक व्यक्ती मान खाली घालून उभी होती. तिच्या हातात गिऱ्हाइकाची पँट होती आणि फोटो निघेपर्यंत वेळ का घालवा म्हणून ती पँटची कंबर उसवत होती. ती जावईबापूंची थोरली मेहुणी. तिला सगळे उसवताई म्हणतात.

उसवताईंचं दुकान कपडे बेतून शिवायचं नाही, शिवलेले कपडे बसते करून द्यायचं आहे. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट सैल करायचा, कुणाची चेन बदलायची. खाली दुकान, वर घर, मधे उभा जिना. ताईंच्या मते जगात तयार मिळालेली कुठलीही वस्तू कुणालाही नीट बसत नाही. बाजारातून जे येतं तो नुसता कच्चा माल. घरातल्या खुर्चीचे पाय त्यांनी कापून घेतलेत, छत्रीची मूठ बदललीय, दारावरच्या घंटेला आतून चिंधी गुंडाळून तिचा आवाज मवाळ केलाय. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा जावईबापूंकडे त्यांनी असं काही खालपासून वरपर्यंत पाहिलं होतं, की बिचाऱ्यांना वाटलं, आता खडूने खूण करतात की काय.

आणि स्वस्थता म्हणाल तर नावाला नाही. बसल्या तरी पाय हलतो. शिवणयंत्राचं पेडल पायाखाली नसलं तर जमिनीवरच चालवतात. जेवताना टेबल हलतं. झोपेत त्या शिवतात, असं आई, म्हणजे जावईबापूंच्या सासूबाई, सांगायच्या.

तर दोन वर्षांपूर्वी आईंना मधलं दिसेनासं झालं. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे पाहावं तिथेच डाग. माणसाकडे पाहिलं की कान दिसायचे, नाक नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, मग जावईबापूंनी आपल्या दुकानात बसवून सगळी भिंगं लावून पाहिली. शेवटी त्यांनी भिंगांची पेटी मिटली आणि ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आता चष्म्याच्या हातात काही नाही. अक्षरच मोठं हवं, ठसठशीत हवं. तसं पुस्तक कुठे छापतात?"

"डोळा वाढत नसेल तर अक्षर वाढवू," ताई म्हणाल्या. "पोट कमी होत नाही तेव्हा मी पँटच वाढवते ना?"

जावईबापू हसले. त्यांना तो विनोद वाटला.

आई म्हणजे वाचनाचं व्यसन असलेली बाई. त्यातही खुनाच्या कादंबऱ्या. पहिल्या प्रकरणात प्रेत पडलं नाही तर पुस्तक परत. कुणी वाचून दाखवतो म्हटलं की त्या फणकारायच्या, "खुनी कोण ते माझं मी शोधीन. तुमच्या आवाजावरून कळतं मला." ते खरंच होतं. धाकटी वाचून दाखवायला बसली की खुनी आला रे आला, तिचा आवाज कापायचा.

मग ताईंनी जुना ई-रीडर पैदा केला. त्याच्या मूळच्या सिस्टिममध्ये अक्षर मोठं करता येत होतं, पण एका मर्यादेपर्यंत. कंपनीच्या मते माणसाची दृष्टी तिथेच संपत होती. त्यातून मराठी पुस्तक उघडलं की वेलांट्या एकीकडे, मात्रा दुसरीकडे, जोडाक्षरं मोडून पडलेली, जणू वादळानंतरचं अंगण. कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, तेवढंच होतं मॅडम.

"तेवढंच होतं?" ताईंनी फोन ठेवला. ज्या बाईने गिऱ्हाइकांच्या तीन पिढ्यांच्या कंबरा वाढवल्या तिला कुणी 'तेवढंच होतं' म्हणावं!

त्यांनी आधी पाटी उसवायला घेतली. मागचं झाकण उघडलं, आत काही टाके दिसेनात, पुन्हा लावलं. मग कुठूनसा शोध लागला की या पाटीची एक खोड आहे. सुरू होताना ती आधी कडेच्या फटीत डोकावते. तिथे कार्ड असेल आणि कार्डावर वेगळी सिस्टिम भरलेली असेल, तर पाटी ती चालवते. कार्ड काढलं की पुन्हा आपली मूळची, जशी दुकानातून आली तशी. पोटातलं काही पुसलं जात नाही, काही कापलं जात नाही.

हे ऐकून ताईंचा पाय प्रथमच क्षणभर थांबला असं म्हणतात. कारण त्यांच्या धंद्याचा नियमच तो. मूळ कापड कापायचं नाही. कोट लहान करायचा तर जादा कापड आत दुमडायचं, शिवणीत भरपूर माया ठेवायची. गिऱ्हाईक उद्या पुन्हा फुगलं तर? टाके काढले की कोट जसा होता तसा परत मिळाला पाहिजे. "म्हणजे कंपनीवाल्यांनासुद्धा शिवणातलं कळतं थोडं," त्या म्हणाल्या.

तशी सिस्टिम हौशी माणसांनी बनवून इंटरनेटवर ठेवली होती. तिथले सगळे इंग्रजीत बोलायचे आणि ताईंचं इंग्रजी कपड्यांच्या आतल्या पट्टीवर पोसलेलं. कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. तेवढ्या भांडवलावर त्या शिरल्या. तिथल्या एकाच्या नावापुढे घुबडाचं चित्र होतं. तो त्यांचा गुरू झाला. "घुबड म्हणतो कार्ड बदलून बघ." "घुबडाला विचारते." गिऱ्हाईक पँट न्यायला यायचं आणि ताईंचं घुबडाशी चाललेलं असायचं. कधी पाटीवर पान आडवं यायचं, कधी काळं-पांढरं लुकलुकत बसायचं, कधी पान उलटायचं बटण दाबलं की पाटी बंदच व्हायची. कार्डंही तीन आणली. दोन पाटीने नाकारली, एक तिला मानवलं. का मानवलं ते घुबडालाही सांगता आलं नाही.

आणि एका सकाळी आईंच्या हातात पाटी दिली. एका ओळीत जेमतेम दोन शब्द, पानावर चार ओळी. काळीभोर, जाडजूड, मात्रा-वेलांट्या जागच्या जागी. ताईंनी ती अक्षरं आईंच्या डोळ्यांपुढे धरून, टेपने उंची मोजून, पुढे-मागे करून बसवली होती. कोटाची ट्रायल घ्यावी तशी. आईंनी मान थोडी तिरकी केली, डागाच्या कडेने पाहिलं आणि वाचलं, "प्रेत खिडकीजवळ..." आणि मग त्यांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. तेव्हापासून दुकानाच्या कोपऱ्यात आईंच्या पाटीचं बटण आणि ताईंचं यंत्र, दोघींची टकटक चालायची.

पण जिना काही मोठा करता येईना. पायऱ्या आईंना दिसत नव्हत्या. दोनदा घसरल्या. थोरल्या मुलाचं घर जमिनीलगत, मोकळं. शेवटी त्यांनी तिकडे जायचं ठरलं, आणि ताईंनी एकच अट घातली होती, पाटी बरोबर जाईल.

इतकं सगळं त्या नखाएवढ्या कार्डावर होतं, आणि जावईबापूंचा दुसरा चहा चालू होता.

आई कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीत बसल्या. दादाची, म्हणजे थोरल्या मुलाची, गाडी यायला अवकाश होता. त्यांनी पाटी सुरू केली. जावईबापूंनी सहज पाहिलं. आईंनी मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूने तिरकी केली. पाटी जवळ आणली, लांब धरली. चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिलं. मग त्यांनी पाटी मांडीवर उपडी ठेवली आणि हात तिच्यावर ठेवून त्या समोर बघत राहिल्या. समोर भिंत होती.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही पाटी सामानात नको घालूस गं."

"का?" ताईंनी यंत्र न थांबवता विचारलं.

"राहू दे. कंटाळा आला वाचायचा."

ताईंचा पाय जोरात चालू लागला. आई जाताना रुसल्यात, अशी त्यांची समजूत झाली, आणि रुसलेल्या माणसाशी बोलण्याऐवजी टाके घालावेत हा त्यांचा स्वभाव. पण जावईबापू आयुष्यभर दुकानात हेच पाहत आले होते. अक्षर दिसत नाही असं सांगायची लाज वाटणारी माणसं अशीच म्हणतात, कंटाळा आला. ते उठले, पाटी उचलली, पाहिली. मुंग्या. पानभर मुंग्या, आणि त्यांच्या मात्रा भलतीकडेच.

कार्ड, कॅमेरा, 'साफ करून वापरू का', सगळं एका ओळीत त्यांच्यापुढे उभं राहिलं, मघाशी फोटोला मंडळी उभी होती तसं.

ते यंत्राजवळ जाऊन उभे राहिले. "ताई..."

"पँट झाली नाही अजून."

"पँट नव्हे. ते पाटीतलं कार्ड."

पाय थांबला. "काय झालं कार्डाला?"

"कॅमेऱ्यात घातलं होतं. परत ठेवलं हो. लगेच ठेवलं."

"आणि मधे?"

"कॅमेऱ्याने विचारलं, साफ करू का. मी हो म्हटलं."

"त्याने विचारलं म्हणून हो म्हटलंत?"

"म्हणजे, इतकं नीट विचारलं त्याने..."

"उद्या रस्त्यात कुणी नीट विचारलं, जावईबापू, तुमची पँट काढून घेऊ का, तर काय म्हणाल?"

ताई एव्हाना उठल्या होत्या. बोलणं त्यांच्या तोंडून चाललं होतं, पण हात कॉम्प्युटरवरचं कापड ओढून काढत होते. "आईने पाहिलं?"

"पाहिलं. त्यांना वाटतंय डोळे गेले. म्हणून त्या..."

ताईंनी आईंकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होत्या. ताईंचा आवाज खाली आला. "आधी जा आणि सांगा तिला. कार्डाचं मी बघते. जा!"

जावईबापू गेले, खुर्चीपाशी उकिडवे बसले आणि सगळा गुन्हा कबूल केला. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही भले आहात हो. गिऱ्हाइकाला बरं वाटेल असंच तुम्ही बोलता."

"आई, खरंच सांगतो, डोळे तसेच आहेत, अक्षर लहान झालंय!"

"मागे त्या म्हाताऱ्या मास्तरांचे डोळे गेले तेव्हा त्यांनाही तुम्ही अक्षरच लहान छापलंय म्हणून सांगितलं होतं. थोरलीला सांगू नका मात्र. तिने फार खपून केलंय."

हे सगळं त्या कुजबुजून बोलत होत्या आणि दुकान एवढंसं होतं. कॉम्प्युटरपाशी ताईंची पाठ ताठ झाली.

आता पाटी दाखवल्याशिवाय आई मानणार नव्हत्या आणि पाटी दाखवायला कार्ड हवं होतं. सिस्टिमची मूळ प्रत ताईंच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर असा होता की सुरू केला की माणसाने तोंड धुऊन यावं. ताई त्याच्यासमोर उभ्या राहून पाय हलवत होत्या, जणू पायाने पेडल मारलं तर तो धावेल.

"फोटो आहेत त्यावर," जावईबापू हळूच म्हणाले. "ते आधी उतरवून..."

"फोटोत कोण आहे?"

"आपण सगळे."

"आपण सगळे इथे आहोत," ताई म्हणाल्या आणि कार्ड पुसलं.

सिस्टिम कार्डावर उतरू लागली. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. जावईबापू रस्त्यावर डोकावून येत, पट्टीकडे बघत, पुन्हा रस्त्यावर जात. ताईंनी तेवढ्यात ती पँट शिवून टाकली. धाकटी तिसऱ्यांदा सामान मोजत होती. एका आईंचं तेवढं काही चाललं नव्हतं, आणि ते पाहून बाकीच्यांचा जीव आणखीच खालीवर होत होता. पाटी आल्यापासून आईंना कुणी नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं.

कार्ड फटीत गेलं. पाटी काळी झाली, पांढरी झाली, विचार करत राहिली आणि उघडली. अक्षरं मोठी होती, पण वेलांट्या पुन्हा रानोमाळ.

"मराठी अक्षरांचा फॉन्ट विसरले घालायचा," ताईंनी कपाळाला हात लावला. "तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे," जावईबापूंनी लगेच मान्य केलं. त्या दिवशी पाऊसबिऊस आला असता तरी त्यांनी मान्य केलं असतं.

पुन्हा कार्ड बाहेर, पुन्हा आत. आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला. दादा आला होता. दादा हा मनुष्य वेळेवर येणारा आणि त्याचा सगळ्यांना त्रास होणारा.

"चला चला, रस्ता लांबचा आहे!"

"दादा, खाली बस," ताई म्हणाल्या.

"अगं पण..."

"बस म्हटलं ना!"

दादा पाय कापलेल्या खुर्चीत बसला आणि गुडघे त्याच्या हनुवटीला लागले. ताई पाटीवर टेप धरून अक्षराची उंची मोजत होत्या. आई पाटीकडे बघायला तयार नसल्याने ट्रायल घेता येत नव्हती, तेव्हा अंदाजाने, एक डोळा मिटून, मान आईंसारखी तिरकी करून त्या बघत होत्या. थोडं जाड. आणखी थोडं. ओळीत दोन शब्द. पान उलटायचं बटण उजवीकडे. दादाने दोनदा घड्याळ पाहिलं. जावईबापूंनी दोन्ही वेळा त्याच्या घड्याळावर हात ठेवला.

मग ताई उठल्या आणि पाटी आईंच्या मांडीवर ठेवली. "बघ."

"अगं, कशाला उगाच..."

"आई, बघ म्हणते ना."

आईंनी जावयाकडे, मग मुलीकडे, म्हणजे त्यांच्या कानांकडे पाहिलं आणि केवळ मुलीचं मन मोडू नये म्हणून मान तिरकी केली. दुकानात कुणी हललं नाही. ताईंचा पायसुद्धा.

"प्रेत..." आई म्हणाल्या. मग थांबल्या. मग भराभर, "प्रेत खिडकीजवळ पडलेलं होतं." बटण वाजलं. पुन्हा वाजलं. आईंच्या कपाळावर आठी आली. "अगं, हे काय? हे मी वाचलंय! मी शेवटाला आले होते. तो माळी गायब झाला तिथवर. माझं पान कुठाय?"

"पान गेलं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळाच आला, म्हणून त्या वळून टेप गुंडाळायला लागल्या.

"गेलं म्हणजे? कुणी घालवलं?"

सगळ्यांनी जावईबापूंकडे पाहिलं.

"तुम्ही?" आई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही मघाशी सांगत होतात ते खरंच होतं?"

"खरंच होतं, आई."

"मग एवढं गोड कशाला बोलत होतात?" आणि त्यांनी पाटी छातीशी धरली. "जाऊ दे. पहिल्यापासून वाचते. तसंही त्या माळ्यावर मी नीट लक्ष ठेवलं नव्हतं."

दादा तिकडून ओरडत होता, धाकटी रडत होती, पिशव्या गाडीत जात होत्या. आई मागच्या सीटवर बसल्या आणि गाडी हलायच्या आधीच त्यांनी मान तिरकी केली. निरोपाचा हात करायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. गाडी वळेपर्यंत काचेतून तेवढी एक तिरकी मान दिसत होती.

धाकटी डोळे पुसत वर गेली. जावईबापूंना घरी जाववेना. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती आणि तिच्याकडे पाहायचं नाही असं दोघांनी न बोलता ठरवलं होतं. ताईंनी एक कोट उचलला, ठेवला. चेनचा डबा उघडला, मिटला. यंत्रावर बसल्या आणि पाय एकदाच चालवून उठल्या.

"तुमच्या दुकानातलं ते कार्ड घेऊन या," त्या एकदम म्हणाल्या.

जावईबापू पळतच गेले आणि घेऊन आले. ताईंनी ते कॉम्प्युटरला लावलं, पुसलं, आणि त्याच्यावर सिस्टिम चढवायला लागल्या. हे कार्ड पाटीला मानवेल की नाही ते घुबडालाच ठाऊक. मुंगीच्या पावलांची पट्टी सुरू झाली. पायही सुरू झाला.

जावईबापूंना गहिवरून आलं. ते म्हणाले, "ताई, सगळं नीट झालं, आई वाचत बसल्यात, आता तरी घटकाभर स्वस्थ बसा. आणखी एक कार्ड कशाला?"

ताईंनी पट्टीवरची नजर काढली नाही.

"पुढच्या महिन्यात तुम्ही कॅमेरा घेऊन तिला भेटायला जाणार आहात."